नवा चेंडू की चार षटके?

चंदनसारहून विरार स्थानक गाठून पहाटेची लोकल पकडणाऱ्या होतकरू द्रुतगती गोलंदाजापुढे आज दोन वाटा आहेत. नव्या चेंडूने डावाची सुरुवात करून दिवसभर पुन्हा पुन्हा मारा करावयाचा, की वीस षटकांच्या सामन्यात आपली चार षटके टाकून मोकळे व्हावयाचे?

दुसऱ्या वाटेवर पैसा लवकर मिळतो. ज्या घराचा महिना पगारावर निघतो, त्या घराने या पैशाकडे पाठ फिरवावी, असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु हे उत्पन्न कितपत स्थिर आहे, हेही पाहिले पाहिजे. पालघरच्या शार्दूल ठाकूरसाठी २०२२ च्या लिलावात दिल्लीने १० कोटी ७५ लाख रुपये मोजले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याला कोणीही घेतले नाही. लखनौ संघात तो आला तो मार्च २०२५ मध्ये, बदली खेळाडू म्हणून.

त्याचे खरे भांडवल निराळे होते. २०१४-१५ च्या रणजी हंगामात त्याने ४८ बळी घेतले. दीर्घ माऱ्याची ती सवय पुढे उपयोगी पडली. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला नवा चेंडू इतरांच्या हाती होता. ठाकूरने मागाहून येऊन ६१ धावांत ७ बळी मिळविले. म्हणजे मदतीला येणाऱ्याचे काम दुय्यम नव्हे; मात्र ते पेलण्याची ताकद दीर्घ मेहनतीतूनच येते.

बेसबॉलमध्येही हा वाद जुनाच आहे. तेथे ख्रिस सेल प्रथम मधूनच मदतीला येत असे; २०१२ पासून तो सामन्याचा प्रारंभ करू लागला आणि २०२४ मध्ये साय यंग पारितोषिकाचा मानकरी ठरला. उमेदवारी छोट्या कामात झाली, तरी मोठ्या कामाची संधी वेळीच मिळाली, हे येथे महत्त्वाचे.

कोवळ्या पाठीवर फाजील भार टाकू नये, हा आक्षेप रास्तच आहे. ठाकूरचे कसोटी पदार्पणही ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला दहा चेंडूंतच दुखापतीने आटोपले होते. पण यावर उपाय सामने मोजून देणे हा आहे, भूमिका खुजी करणे हा नव्हे.

मार्च २०२४ मध्ये नियामक मंडळाने कसोटीपटूंसाठी प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिचा लाभ शिखरावरच्यांना होतो. निर्णय मात्र पायथ्याशी, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी होतो. तेथे क्लब आणि निवड समित्यांनी दोन-तीन हंगाम मुलाच्या हाती नवा चेंडू द्यावा. दीर्घ माऱ्याची सवय असलेला चार षटके केव्हाही टाकू शकेल. केवळ चार षटकांवर वाढलेल्याला विसावे षटक ऐनवेळी शिकता येणार नाही.