दुरुस्तीचा अधिकार कोणाकडे?



दिलसुखनगरात पावलोपावली संगणक शिकवणाऱ्या संस्थांच्या पाट्या दिसतात. संगणक आला की काम सोपे होते, असा आपला समज असतो. आमच्या मते ते प्रमुखाच्या निर्णय घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

आपल्या शहरातलेच उदाहरण घेऊ. २००१ साली येथे ‘ई-सेवा’ केंद्रे सुरू झाली. विजेचे, पाण्याचे, टेलिफोनचे बिल एकाच खिडकीवर भरता येऊ लागले आणि काम तिथल्या तिथे पुरे होऊ लागले. लोकांनी ती आपलीशी केली. २००४ मध्ये सरकार बदलले, तरी केंद्रे टिकली.

२०२० मध्ये जमिनीच्या नोंदींसाठी ‘धरणी’ पोर्टल आले. खरेदीखत व फेरफार एकाच वेळी तहसील कार्यालयात होऊ लागले, ही सोय मोठीच होती. परंतु चुकीची नोंद दुरुस्त करण्याचे बहुतेक अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे एकवटले आणि अर्ज तुंबले. अखेर २०२५ च्या ‘भू भारती’ कायद्याने ते अधिकार खालच्या अधिकाऱ्यांनाही वाटून दिले. दोन्ही वेळी संगणक होताच. फरक पडला तो अधिकार कोणाच्या हाती, याने.

शाळांनाही हेच लागू आहे. २०२२-२३ पासून ‘यू-डायस प्लस’मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी. त्यामुळे मराठी मुलांच्या नावांची उलटापालट सहज होते. आधार कार्डाशी नाव जुळले नाही तर ‘अपार’ क्रमांक अडतो. हीच चूक दहावीच्या मेमोपर्यंत गेली, तर पुढे वर्षानुवर्षे हेलपाटे!

मूल कोणाचे, त्याचे खरे नाव काय, हे वर्गशिक्षिकेला ठाऊक असते. मग सगळ्या दुरुस्त्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर का अडाव्यात? अनेकांनी हात लावल्यास गोंधळ होईल, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय असा: दुरुस्ती वर्गशिक्षिकेने सुचवावी, कागदपत्र पाहून कार्यालयाने ती भरावी आणि छापील उताऱ्यावर पालकांनी सही करावी. मुख्याध्यापकांनी फक्त वादाची प्रकरणे पाहावीत.

प्रमुखाने सारे आपल्या मुठीत ठेवले, तर संगणक म्हणजे केवळ महागडे कपाट. तेव्हा पालकांनो, उतारा हाती आला की न वाचता सही करू नका. नाव तुमच्या मुलाचे आहे.