नर्सताईंनो, एम.एस्सी.साठी "हजेरीचं बघून घेऊ"वालं कॉलेज निवडू नका!

"नोकरी सोडू नका, परीक्षेपुरतं या, हजेरीचं आम्ही बघून घेऊ." एजंट लोकांची ही कॅसेट जिंतूरला नवीन नाही. बी.एस्सी. नर्सिंग करून खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर नाइट करणाऱ्या आपल्या पोरींना हे ऐकून बरं वाटतं. पण स्पष्टच बोलतो, ही सोय नाही, फसवणूक आहे. आणि यात फसते ती फक्त ती पोरगी नाही.

एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं आहे. नर्सेसना शिकवणारे शिक्षक त्यातून तयार होतात. प्रवेशाला बी.एस्सी.त ५५ टक्के, कौन्सिलची नोंदणी आणि वर्षभराचा अनुभव लागतो. अनुभवाची अट उगीच नाही. ज्यानं वॉर्ड पाहिला नाही, तो वॉर्ड काय शिकवणार? मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, सामुदायिक आरोग्य, यातलं काहीही घ्या, ते पेशंटजवळ उभं राहूनच शिकावं लागतं. झेरॉक्सच्या नोट्सवर ते येत नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. म्हणजे घरबसल्या पास झालेली एक मॅडम दर बॅचला दहा कच्च्या नर्स घडवणार. त्याच उद्या तुमच्या आईला सलाइन लावणार, तुमच्या सुनेच्या डिलिव्हरीला उभ्या राहणार. तेव्हा ओरडून काय उपयोग?

शेजारच्या मध्य प्रदेशात काय झालं बघा. हायकोर्टाच्या आदेशावरून सीबीआयनं ३०८ नर्सिंग कॉलेजं तपासली. १६९ योग्य, ७४ मध्ये त्रुटी, ६५ अयोग्य. मे २०२४ मध्ये तर तपास करणारे सीबीआयचेच लोक लाच घेताना पकडले गेले आणि त्या १६९ 'योग्य' कॉलेजांचीही फेरतपासणी लागली. या भानगडीत पोरापोरींच्या परीक्षा रखडल्या, वर्षं गेली.

आता कोणी म्हणेल, "भाऊ, लेकरंबाळं, नोकरी टाकून दोन वर्षं मुंबई-नागपूरला जायचं कसं?" प्रश्न शंभर टक्के खरा आहे. पण तो एजंटला नाही, पुढाऱ्यांना विचारा. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नर्सिंगच्या पदव्युत्तर जागा तिथं का नकोत? खाजगी दवाखान्यातल्या नर्सला शिकायला रजा का नको? मत मागायला गल्लीत येतात ना, तेव्हा हे विचारा. डॉक्टरच्या जागा वाढल्या की फटाके फुटतात, नर्सच्या शिक्षणाचं नाव कोणी काढत नाही.

तोवर कॉलेज निवडताना एवढं तरी करा:

१) नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत कॉलेज यंदा आहे का, आणि तुमच्या विषयाला मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. राज्याबाहेर जात असाल तर तिथल्या विद्यापीठाकडे विचारा. बॅनरवर विश्वास ठेवू नका.

२) रुग्णालय पाहायला न सांगता जा, साध्या मंगळवारी. खाटा मोजू नका, पेशंट मोजा.

३) तुमच्या विषयाचा गाइड कोण, त्याला भेटा. इन्स्पेक्शनच्या दिवशीच दिसणारा गाइड काय कामाचा?

४) सीनियर पोरींना बाहेर चहाला न्या आणि विचारा, प्रत्यक्ष वर्गावर शिकवायला किती वेळा मिळालं?

५) पूर्ण फीची पावती मिळत नसेल आणि ओरिजिनल कागद अडकवून ठेवत असतील, तर तिथूनच माघारी फिरा.

"हजेरीची चिंता नको" म्हणणाऱ्या कॉलेजला तुमच्या शिक्षणाचीही चिंता नाही. एक वर्ष उशिरा प्रवेश घ्या, चालेल. पण ज्या डिग्रीच्या जोरावर तुम्ही दुसऱ्याला इंजेक्शन द्यायला शिकवणार, ती विकत घेऊ नका. आणि बापहो, पोरीला "कसं तरी उरकून टाक" म्हणू नका. त्या दवाखान्यात उद्या तुम्हीच ॲडमिट असाल.