घास बदला, पण सावकाश



पावसाळा तोंडावर आला की मी तुम्हाला दरसाल एक गोष्ट बजावतो. उन्हाळाभर कडब्यावर काढलेले जनावर एकदम कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर सोडू नका, पोट फुगेल. तुम्ही ते ऐकता आणि चारा हळूहळू बदलता. पण गोठ्याच्या दाराशी बसणाऱ्या राखणदाराचा घास बदलताना हेच शहाणपण आपण खुंटीला टांगून ठेवतो. मीही ठेवले होते.

आमच्या वस्तीवर मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे. भाकरी, ताक आणि मटणाच्या दिवशी उरलेसुरले, एवढ्यावर वाढलेला. पुण्याहून पुतण्या आला, त्याने कोरड्या डॉगफूडची पिशवी आणली. मी हौसेने पहिल्याच दिवशी ताटलीभर ओतले. मोत्याने दोन मिनिटांत फस्त केले. रात्री उलटी, सकाळी हगवण, आणि तीन दिवस वस्तीची राखण बंद! आमच्या मंडळी ओसरीवरून म्हणाल्या, “अहो, गावभर गाईम्हशींचं सांगत फिरता, आणि घरच्या कुत्र्याला एका दिवसात साहेब करता होय?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

दोष त्या खाद्याचा नव्हता, घाईचा होता. कुत्र्याच्या आतड्यातही गाईच्या पोटासारखे सूक्ष्म जीव असतात. रोजच्या अन्नाची त्यांना सवय झालेली असते. अन्न एकदम पालटले की त्यांची घडी विस्कटते आणि हगवण लागते. म्हणून भाकरीवरून डॉगफूडवर न्या किंवा डॉगफूडवरून भाकरीवर आणा, बदलाला आठ-दहा दिवस द्या.

पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुने अन्न आणि एक भाग नवे. पुढचे दोन-तीन दिवस निम्मे-निम्मे. त्यानंतर एक भाग जुने आणि तीन भाग नवे. मग पूर्ण नवे. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. रक्त पडले, सारखी उलटी झाली किंवा पिल्लू मलूल होऊन पडले, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका. जनावरांचा दवाखाना गाठा.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. कोरड्या डॉगफूडच्या 100 भागांत पाणी साधारण 10 भाग असते, कच्च्या मांसात ते 70 भागांच्या आसपास असते. म्हणजे वजनाला वजन देऊन चालत नाही. कोरडे खाद्य वजनाने कमी लागते, पण त्याच्याशेजारी पाण्याचे भांडे कायम भरलेले हवे. पिशवीला ओल लागून बुरशी आली तर ते खाद्य टाकून द्या. बुरशीची पेंड आपण गाईला घालत नाही, तसेच हे.

विकतचे परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. भाकरी, दही, उकडलेले अंडे, शिजवलेले मांस असे मिळून दिले तरी गावठी कुत्रा बरा राहतो. नुसत्या दूध-भाकरीवर मात्र ठेवू नका. कांदा-लसणाचे कालवण, द्राक्षे आणि बेदाणे देऊ नका. शिजवलेली हाडेही नकोत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या होऊन आतड्यात रुततात.

पुढच्या सुट्टीत पुतण्या आला तो नवेच घेऊन. “काका, आता शहरात कच्चं मांस देतात. कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच की!” मी म्हटले, बाबा रे, तो लांडगा राहिलेला नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2013 साली दाखवून दिले, की पिष्ट पचवणारे जनुक कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. माणसाच्या उंबऱ्याशी राहून तो भाकरी पचवायला शिकला आहे.

पण मंडळी, कच्च्या मांसाबद्दल मला खरे सांगायचे आहे ते तुम्हाला. कारण शहरात जी आज फॅशन आहे, ती आपल्याकडे फार जुनी सवय आहे. जत्रेत बोकड पडतो. काळीज किंवा फोपसा कापताना आत पाण्याचा फुगा दिसतो. ‘हे खराब आहे’ म्हणून आपण तो तुकडा कुत्र्यापुढे फेकतो. तो फुगा म्हणजे हायडॅटिड नावाच्या रोगाची गाठ. ती कच्ची खाल्ली की कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे चपटे जंत वाढतात. कुत्रा धडधाकट दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी अंगणात, भाजीच्या वाफ्यात, त्याच्या स्वतःच्या केसांवर येतात. पोर कुत्र्याच्या गळ्यात पडते आणि तोच हात तोंडात घालते.

नोकरीत असताना मी असे एक घर पाहिले. दहा वर्षांची मुलगी, पोट दुखते म्हणून तालुक्याला नेली. तपासणीत यकृतात मोठी पाण्याची गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारले, “घरी कुत्रा आहे का?” आई गोंधळली. पोटाचा आणि कुत्र्याचा काय संबंध? मुलगी शस्त्रक्रियेतून बरी झाली. पण त्या आईने मला विचारले, “भाऊ, खराब तुकडा आम्ही खाल्ला नाही, तरी पोरीला कसं झालं?” खरे तर तो तुकडा खाऊन माणसाला हा रोग होत नाही. तो कुत्र्यामार्फत फिरून घरात येतो, आणि गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढत राहते. हे तिला आधी कुणीच सांगितले नव्हते. गावात खतांच्या सभा घेत फिरणाऱ्या मीही नाही. म्हणून आज सांगतो.

काळीज-फोपसा कुत्र्याला द्यायचाच असेल तर अर्धा तास खदखदून उकळा. गाठीचा तुकडा जाळा किंवा खोल पुरा, वरून दगड ठेवा. कुत्र्याला जंताचे औषध द्या, पण दवाखान्यात विचारून. या जंतावर प्राझिक्वान्टेल लागते, जंताच्या कोणत्याही गोळीने तो मरत नाही. त्याच खेपेला पिसाळीची लसही टोचून घ्या. कुत्र्याला हात लावल्यावर पोरांना साबणाने हात धुवायला लावा आणि पालेभाजी चांगली धुऊन घ्या.

आमचा मोत्या आता सकाळी थोडे डॉगफूड आणि रात्री भाकरी-अंडे खातो. ताटली भरायचे काम मात्र आमच्या मंडळींनी माझ्याकडून काढून घेतले आहे.

येत्या जत्रेत बोकड कापणाऱ्याला एवढे नक्की सांगा : फुगा दिसला तर तुकडा कुत्र्याला नाही, खड्ड्यात.