चोरी बंदरात, झडती रानात



१ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि त्याशिवाय दर हजार कांड्यांमागे २,०५० ते ८,५०० रुपये अबकारी कर लागू झाला. कर वाढला की दोन आवाज ठरल्यासारखे उठतात. कंपन्या म्हणतात, आता चोरटी सिगारेट बोकाळणार आणि तंबाखूचा शेतकरी मरणार. सरकार म्हणते, आम्ही चोरटा व्यापार मोडून काढू, शेतकऱ्याने काळजी करू नये. दोघांच्याही तोंडी शेतकऱ्याचे नाव आहे. शेतकऱ्याला मात्र कोणी विचारलेले नाही. तेव्हा निपाणी-कोल्हापूरच्या पट्ट्यातल्या आपण मंडळींनी हा हिशेब आपल्या पाटीवर मांडून पाहायला हवा.

चोर कोण, हे आधी पाहू. चोरटी सिगारेट दोन वाटांनी येते. पहिली वाट परदेशाची. कागदावर भलताच माल दाखवलेल्या कंटेनरमधून ती बंदरात उतरते, नाही तर म्यानमारच्या हद्दीवरून मिझोराममधल्या चंफाई, झोखावथरच्या बाजूने आत येते. महसूल गुप्तचर संचालनालय आणि आसाम रायफल्स यांनी पकडलेल्या मालाच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. हा माल ओळखायला पंडित लागत नाही. आपल्या कायद्याने १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने भरलेला असावा लागतो, चोरट्या पाकिटावर तो नसतो. या सिगारेटमध्ये आपल्या देशातल्या शेतकऱ्याचे पान असण्याची शक्यताही फारशी नाही. कंपन्यांच्या ओरड्यात खरा भाग आहे तो एवढाच.

दुसरी वाट घरचीच आहे. इथल्याच कारखान्यात सिगारेट वळायची आणि कर न भरता बाजारात सोडायची. ती पकडायला प्रयोगशाळा नको, तिसरीचे गणित पुरते. सर्वांत खालचा अबकारी दर हजाराला २,०५० रुपये, म्हणजे दहा कांड्यांच्या पाकिटाला साडेवीस रुपये. त्यावर जीएसटी, कारखान्याचा खर्च, दुकानदाराचे कमिशन. नव्या दराचे असे पाकीट कोणी पंधरा-वीस रुपयांना विकत असेल तर कर बुडवल्याचा पुरावा किमतीतच आहे. ते यंत्र कुठे चालते, कागद आणि फिल्टर कोठून येतो, हे शोधायला सरकारला रानात यायची गरज नाही. सिगारेटचे यंत्र काही परसात बसवता येत नाही, आणि वीज, कागद, फिल्टर यांची बिले कुठे ना कुठे फाटतातच.

हा व्यापार केवढा, यावर मोठा वाद आहे. उद्योगाच्या बाजूने दिले जाणारे आकडे साऱ्या बाजाराच्या पाव हिश्श्यापर्यंत जातात. उद्योगाचा पैसा न घेता शहरांतल्या दुकानांतून रिकामी पाकिटे गोळा करून केलेला एक अभ्यास २०१८ साली 'टोबॅको कंट्रोल' या नियतकालिकात आला. त्यात हे प्रमाण २.७३ टक्के निघाले. शहरातल्या पाकिटांवरून सगळ्या देशाचा अंदाज बांधू नये हे आम्हालाही कळते. पण पंचवीस आणि पावणेतीन यांत फरक एवढा आहे की कोणाचा काटा मारलेला आहे हे विचारावेच लागते. काटा मारणारे कसे असतात, हे वखारीत माल घातलेल्या माणसाला नव्याने सांगायला नको.

आणि कंपन्यांनी तस्करीच्या नावाने गळा काढावा, यात एक गंमत आहे. कॅनडात १९९० च्या सुमारास कर वाढला, तस्करी माजली, आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये सरकारने घाबरून कर उतरवला. पुढे चौकशीत निघाले काय? कंपन्या आपलाच माल निर्यातीच्या नावाखाली करमुक्त अमेरिकेत पाठवत होत्या आणि तोच माल चोरवाटेने कॅनडात परत येत होता. इम्पीरिअल टोबॅको कॅनडा आणि रॉथमन्स, बेन्सन अँड हेजेस या दोन कंपन्यांनी २००८ साली गुन्हा कबूल केला. दंड आणि तडजोडीची रक्कम मिळून ११५ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत गेली. युरोपात फिलिप मॉरिसने २००४ साली आरोप मान्य न करताच सुमारे १२५ कोटी डॉलर बारा वर्षांत देण्याचा करार केला. इथल्या कंपन्या असेच करतात असा आमचा आरोप नाही. पण कर कमी केला की तस्करी आपोआप थांबते, हा मंत्र म्हणणाऱ्या घराण्याचा इतिहास असा आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

उलट उदाहरण इंग्लंडचे. तिथे २००० साली पाचातली एक सिगारेट चोरटी होती. सरकारने बंदरांवर कंटेनर पारखणारी यंत्रे बसवली, अधिकारी वाढवले, कंपन्यांना त्यांच्या मालाच्या प्रवासाबद्दल जबाबदार धरले. दहा-बारा वर्षांत चोरट्या मालाचा हिस्सा निम्म्यावर आला, आणि कर त्या काळात चढताच राहिला. तस्करी पोसली जाते ती ढिल्या राखणीवर. कराचा दर हे तिचे निमित्त.

आपल्या सरकारने काय केले? तंबाखूच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१२ मध्ये सोलला ठरला, भारत त्यात जून २०१८ मध्ये सामील झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो अमलात आला. त्याचा गाभा साधा आहे. प्रत्येक पाकिटावर न पुसता येणारी खूण असावी आणि ते कोणत्या कारखान्यातून, कोणत्या दिवशी, कोणाच्या नावे निघाले हे केव्हाही सांगता यावे. सिगारेटसाठी मुदत पाच वर्षांची होती. ती २०२३ मध्ये सरली. निवडक मालावर अशी खूण सक्तीची करण्याचा अधिकार देणारे कलम १४८-अ आपल्या जीएसटी कायद्यात आले ते २०२५ च्या वित्त कायद्याने. करारात शिरल्यापासून नुसता अधिकार घ्यायला सात वर्षे!

आता याच्या शेजारी शेतकरी ठेवून पाहा. आंध्रात किंवा म्हैसूरकडे व्हर्जिनिया तंबाखू लावायचा तर १९७५ च्या तंबाखू मंडळ कायद्याखाली नोंदणी पाहिजे. पान भाजायच्या भट्टीला परवाना पाहिजे. किती किलो पिकवायचे हे गुंटूरचे मंडळ ठरवणार. पाऊस चांगला झाला आणि पान जास्त उतरले तर जादा मालावर दंड, तो माफ व्हायचा तर दिल्लीची मर्जी. प्रत्येक गासडी नोंदून लिलावाच्या ओट्यावर. पान शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत सरकारला त्याचे वजन, रंग, घराणे सगळे माहीत. तेच पान कारखान्याच्या दारातून पाकीट होऊन बाहेर पडले की सरकारची नजर अधू होते. कष्टाचा माल आहे तोवर पहारा, नफ्याचा माल झाला की मोकळे रान.

आपला बिडीचा तंबाखू त्या मंडळाच्या लिलावात जात नाही, म्हणून हे आपल्याला लागू नाही असे कोणी समजू नये. सरकारने तंबाखूची चोरी धरायची ठरवली की पाय कुठे वळतात, हे या पट्ट्याने पाहिले आहे. १९४३ पासून कच्च्या पानावरच अबकारी होती. किती रान लावले, किती माल निघाला याची नोंद द्यायची, परवान्याशिवाय माल हलवायचा नाही, तूट आली तर चोर ठरायचे. उन्हात सुकलेल्या पानाचे वजन हवेतल्या ओलाव्याने घटते-वाढते हे शेतकीच्या पहिल्या वर्षात शिकवतात, पण एक्साइजच्या वहीत ओलाव्याला रकाना नव्हता. १९७९ च्या अंदाजपत्रकात चरणसिंगांनी हा कर काढला. शेतकऱ्याच्या मानेवरचे जोखड गेले खरे, भाव मात्र वखारवाल्यांच्याच हातात राहिला. १९८१ साली निपाणीचा शेतकरी हमरस्त्यावर येऊन बसला तो त्या भावासाठी, आणि एप्रिलमध्ये गोळ्या झेलल्या त्याही त्याच्यासाठी.

रानाखालोखाल सोपी शिकार म्हणजे टपरी. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी केली. बंदीमागचे कारण खोटे नाही. सुटी कांडी घेणाऱ्याला पाकीट दिसत नाही, त्यावरचे चित्र दिसत नाही, आणि पाकीटच दिसले नाही तर चोरटा मालही सहज खपतो. पण टपरीवर आजही सुटी कांडी मिळते, हे सांगायला समिती नेमायला नको. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तिचे काय झाले तेही कोपऱ्याकोपऱ्यावर दिसते. टपरीवाल्याकडून चार पाकिटे जप्त करून फोटो काढला की मोहीम यशस्वी होते. ती पाकिटे त्याला घाऊक कोणी दिली, हा प्रश्न त्या फोटोत मावत नाही.

तंबाखूने माणसे मरतात. आम्ही ते नाकारत नाही आणि या पिकाची आरतीही ओवाळत नाही. कर वाढवायचा तर वाढवा. पण एक हिशेब सरकारने द्यावा. ढोबळ मानाने एक किलो पानातून हजारभर सिगारेटी होतात. व्हर्जिनियाच्या शेतकऱ्याला गेल्या काही हंगामांत लिलावात किलोला सरासरी सव्वादोनशे ते तीनशे रुपये मिळाले, त्यात भट्टीचे सरपण, मजुरी, खत सगळे आले. त्याच किलोवर नुसती अबकारी दोन हजारांपासून साडेआठ हजारांपर्यंत. शेतकऱ्याच्या हाती येते त्याच्या सात पटीपासून तीस पटीपर्यंत दिल्ली उचलते. ज्या आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली, त्याच्या १७ व्या कलमात शेतकऱ्याला दुसरे परवडणारे साधन उभे करून देण्याची गोष्ट आहे. त्या तीस पटीतला एक हिस्सा तरी त्या कलमाकडे वळवावा. तंबाखू सोडा म्हणणे सोपे आहे. कोरडवाहू काळ्या रानात, खालून ओल धरून, जनावर तोंड लावत नाही असे रोख पैशाचे दुसरे पीक कोणते, ते दाखवावे. आणि त्याला भाव कोण देणार तेही.

ते न करता सोडून दिले तर काय होते, हे आंध्रात २०२५ मध्ये दिसले. आदल्या हंगामातल्या चढ्या भावाच्या आशेने शेतकऱ्यांनी बर्ले तंबाखू भरमसाट लावला, माल तयार झाल्यावर खरेदीदारांनी हात आखडला, आणि शेवटी राज्य सरकारला मार्कफेडमार्फत खरेदीला उतरावे लागले. असे पडून राहिलेले पान कर चुकवणाऱ्याच्या यंत्राला स्वस्तात मिळते. शेतकऱ्याचा भाव पाडणे हे चोरट्या सिगारेटला कच्चा माल पुरवणेच आहे, हे दिल्लीतल्या गुप्तचरांच्या टिपणात कधी आले तर आम्हाला आनंद होईल.

जिल्हा बैठकीत या विषयावर तीन मागण्यांचा ठराव मांडायचा आहे. पाकिटावरची खूण कारखान्याच्या दारातच सक्तीची करावी आणि किती माल पकडला, कोणावर खटला भरला, कोणाला शिक्षा झाली याचे आकडे जिल्हावार जाहीर करावेत. कच्च्या पानाच्या वाहतुकीवर आणि साठवणीवर चोरी रोखण्याच्या नावाखाली नवा परवाना आणू नये. सिगारेटवरच्या अबकारीतून तंबाखूच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यासाठी वेगळा निधी काढावा. बैठकीला येताना गेल्या तीन हंगामांतल्या वखारीच्या पट्ट्या सोबत आणाव्यात. नाक्यावर तंबाखूची गाडी अडवली गेली असेल तर तारीख, नाक्याचे ठिकाण आणि मागितलेला कागद लिहून आणावा. पट्टी हरवली असेल त्याने वहीतला आकडा आणला तरी चालेल.