पोर्तुगालच्या आतल्या गावात बिऱ्हाड करताना

पोर्तुगालचा किनारा गजबजलेला आहे, तर आतला प्रदेश ओस पडत चालला आहे. स्पेनच्या सीमेलगत पेनामाकोर, इदान्या-आ-नोव्हा, फुंदाँव अशी नगरे आणि त्यांच्या भोवतीची खेडी आहेत. १९६० च्या दशकापासून इथली तरणीताठी माणसे मजुरीसाठी फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडकडे गेली. मागे म्हातारी माणसे, दगडी घरे आणि ऑलिव्हची झाडे उरली. आता तीच घरे परदेशी कुटुंबे विकत घेतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यालाही ही वाट मोकळी आहे. मात्र बहुतेक जण सुरुवात घराच्या छायाचित्रांपासून करतात, आणि तिथेच क्रम चुकतो. आधी उत्पन्न आणि व्हिसा, मग भाड्याच्या घरात एक पुरता हिवाळा, मग पाणी व रस्त्याची पाहणी आणि सगळ्यात शेवटी खरेदी, हाच शहाणपणाचा क्रम आहे.

नोकरी न करता राहू इच्छिणाऱ्यासाठी डी-७ हा व्हिसा आहे. पेन्शन, घरभाडे, व्याज, लाभांश असे नियमित उत्पन्न त्याला लागते आणि ते निदान पोर्तुगालच्या किमान वेतनाइतके असावे लागते. २०२५ मध्ये हे वेतन महिना ८७० युरो होते. जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणि प्रत्येक मुलासाठी ३० टक्के रक्कम वाढते. परदेशी कंपनीचे काम घरबसल्या करणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा व्हिसा आहे, त्याला किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते. घर विकत घेऊन ‘गोल्डन व्हिसा’ मिळवण्याची सोय मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. म्हणजे घर घेतले म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. दलाल हे आपणहून सांगत नाहीत, म्हणून इथे ठळकपणे सांगायला हवे.

डी-७ चा पहिला व्हिसा ४ महिन्यांचा असतो. त्या मुदतीत पोर्तुगालमध्ये पोहोचून ‘आयमा’ या स्थलांतर खात्यासमोर हजर राहिले की २ वर्षांचा निवास परवाना मिळतो आणि पुढे तो ३ वर्षांसाठी वाढतो. आयमाने २९ ऑक्टोबर २०२३ रोजी जुन्या खात्याची जागा घेतली, तेव्हा जवळपास ४ लाख अर्ज तुंबलेले होते. उशीर गृहीत धरूनच बेत आखावा. परवान्याच्या मुदतीत सलग ६ महिने किंवा तुकड्यातुकड्याने ८ महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहता येत नाही, त्यामुळे अर्धे वर्ष पुण्यात आणि अर्धे तिथे हा हिशोब जमत नाही.

भारतातली कागदपत्रे निघण्यापूर्वीच पक्की करावीत. जन्म आणि विवाह दाखल्यांवर आधी राज्य शासनाची साक्षांकनाची मोहोर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते. मराठीत असलेल्या दाखल्याचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे लागते. लग्नानंतर बदललेले नाव, एका कागदावर असलेले आणि दुसऱ्यावर नसलेले वडिलांचे नाव, आडनावाच्या स्पेलिंगमधला फरक या गोष्टी भारतात असताना लवकर निस्तरतात. तिकडून निस्तरायला महिने जातात.

पैसे पाठवण्यालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर नेता येतात. घरखरेदीसारख्या कारणासाठी वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस हा आगाऊ कर कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. पोर्तुगालमध्ये काहीही करायचे तर ‘निफ’ हा कर क्रमांक लागतो, अगदी भाडेकरारासाठी आणि बँक खात्यासाठीही. तो प्रतिनिधीमार्फत भारतात बसूनही काढता येतो. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहणारा तिथला करदाता ठरतो. मग जगभरातले उत्पन्न तिथे दाखवावे लागते आणि प्राप्तिकराचे दर ४८ टक्क्यांपर्यंत चढतात. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तरी दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराची फी इथे वाचवू नये.

घराच्या कागदांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावे लागते. एक उतारा कर खात्याकडे असतो, त्यात मिळकतीचे वर्णन, क्षेत्र आणि करासाठीचे मूल्य असते. दुसरा नोंदणी कार्यालयात असतो, मालकी आणि बोजा त्यावरून ठरतो. दोन्ही उतारे जुळले पाहिजेत आणि खेड्यात ते पुष्कळदा जुळत नाहीत. देशाच्या मध्य आणि उत्तर भागात कित्येक जमिनींची मोजणीच झालेली नव्हती. २०१७ नंतर शासनाने मालकांना आपापल्या हद्दी नकाशावर नोंदवण्याची सोय केली, आणि त्यानंतर हे काम पुढे सरकले. मिळकतीचे दोन वर्ग आहेत, घरबांधणीची आणि शेतीची. शेतीच्या जमिनीवर पडका गोठा असला तरी त्याचे घर करता येत नाही. तंबू, लाकडी खोली किंवा चाकावरचे घर ठेवून कायमचे राहणेही तिथे बेकायदा आहे. नगरपालिकेच्या आराखड्यात ती जमीन राखीव शेतीक्षेत्रात किंवा पर्यावरणीय पट्ट्यात आहे का, हे आधी विचारावे. १९५१ नंतर बांधलेल्या घराला वापर परवाना लागतो. २०२४ पासून खरेदीखताच्या वेळी तो दाखवण्याची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे आता तो खरेदीदाराने स्वतः मागून घ्यायचा.

विक्रेता बहुतेक वेळा एकटा नसतो. आजोबांचे घर सात नातवंडांच्या नावे असते, त्यातली चार पॅरिसजवळ राहतात आणि प्रत्येकाची, शिवाय बहुतेकदा प्रत्येकाच्या नवऱ्याची किंवा बायकोची सही लागते. गोव्यातल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले वारसा आणि दांपत्याच्या सामाईक मालमत्तेचे नियम गोव्यात आजही त्याच वळणाचे आहेत. परदेशी गेलेली मंडळी ऑगस्टमध्ये गावच्या जत्रेसाठी परततात. घराचा सौदा पुढे सरकण्याची खरी संधी तेव्हाच असते. लहान शेतजमीन विकताना शेजारच्या जमीनमालकाला ती आधी घेण्याचा हक्क असतो आणि त्याला रीतसर कळवले नाही तर तो नंतरही न्यायालयात जाऊ शकतो. साठेखताच्या वेळी साधारण १० टक्के इसार देतात. खरेदीदार फिरला तर इसार बुडतो, विक्रेता फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा असतो. शेतजमिनीवर ५ टक्के हस्तांतरण कर आणि ०.८ टक्के मुद्रांक शुल्क पडते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला ऋतूंची सवय बदलावी लागते. तिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळ्याचे चार महिने कोरडे जातात, म्हणजे पीक वाढण्याच्या दिवसांत आभाळातून थेंब येत नाही. म्हणून जमीन पाहायची ती ऑगस्टअखेरीस, विहिरीत किती पाणी उरले आहे ते बघत. हिरव्यागार एप्रिलमध्ये पाहिलेली जमीन फसवते. पाण्याचे स्रोत तीन प्रकारचे असतात. विहीर, कूपनलिका आणि डोंगराच्या पोटात आडवे खोदलेले भुयार. भुयारातून झिरपणारे पाणी दगडी टाक्यात साठते. जुन्या पाटांवर शेजाऱ्यांच्या पाणीपाळ्या ठरलेल्या असतात. कोणत्या वारी किती तास आपले, हे लेखी नसेल तर गावातल्या जुन्या माणसाकडून समजून घ्यावे. ५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला पर्यावरण खात्याकडे फक्त कळवायचे असते, त्याहून मोठ्याला परवाना लागतो.

याच कोरड्या उन्हाळ्यातून वणवे पेटतात. १७ जून २०१७ रोजी पेद्रोगाँव ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसे दगावली, त्यांतली ४७ एकाच रस्त्यावर, गाडीतून निसटू पाहताना. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला पुन्हा आगी भडकल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्गानिलचा डोंगर पेटला. निलगिरी आणि पाइनची दाट लागवड, ओस पडलेली शेते आणि वाळलेले गवत ही आग पसरण्याची कारणे आहेत. त्यामुळे घराभोवतीची सफाई कायद्याने बंधनकारक आहे. रानात किंवा शेतात असलेल्या घराभोवती ५० मीटरचा पट्टा दरवर्षी साधारण ३० एप्रिलपर्यंत साफ करावा लागतो. झाडांच्या शेंड्यांमध्ये ४ मीटर अंतर, पाइन आणि निलगिरीसाठी १० मीटर, खालच्या फांद्या ४ मीटर उंचीपर्यंत छाटलेल्या आणि भिंतीपासून ५ मीटरच्या आत फांदी नको. माणूस लावून हे काम दरवर्षी करून घ्यायला लागणारा पैसा घराच्या किमतीतच धरावा. स्वस्त घर स्वस्त का आहे, याचे उत्तर कित्येकदा या पट्ट्यात असते. घरापर्यंत येणारा रस्ता अग्निशामक बंब वळेल इतका रुंद नसेल, तर ते घर घेऊ नये.

हिवाळा सोसावा लागतो. ग्रॅनाइटच्या जाड भिंती एकदा गारठल्या की मार्चपर्यंत गारच राहतात, भिंतींना बुरशी येते, रात्री पारा शून्याखाली जातो. ऊब लोखंडी शेगडीची. ओकचे सरपण उन्हाळ्यातच आणून रचून ठेवावे लागते, ओले लाकूड नुसता धूर करते. घराला वीजजोडणी ३.४५ केव्हीएची असेल तर गिझर, हीटर आणि इंडक्शन एकत्र चालत नाहीत, बटण पडते.

आरोग्य केंद्रात नाव नोंदवले की सरकारी उपचार मिळतात, पण कुटुंब डॉक्टर नेमून मिळायला थांबावे लागते. तातडीला ११२. कित्येक गावांत रुग्णवाहिकाही अग्निशमन दलाचे स्वयंसेवकच चालवतात. बस बहुधा शाळेच्या वेळेपुरती असते, म्हणून गाडीला पर्याय नाही. पाव आणि मासळी मात्र दारात येते, व्हॅनचा भोंगा वाजला की बायका पिशव्या घेऊन बाहेर पडतात. मसाल्यांसाठी लिस्बनच्या मार्तीं मोनीझ भागातली दुकाने आहेत.

पोर्तुगीज भाषेशिवाय खेड्यात निभाव लागत नाही. म्हाताऱ्यांना इंग्रजीपेक्षा फ्रेंच जास्त येते, परदेशात राबल्यामुळे. शासन नवागतांसाठी मोफत भाषावर्ग चालवते आणि पुढच्या अर्जांसाठी ए-२ पातळी उपयोगी पडते. ऑलिव्हच्या तोडणीला नोव्हेंबरात शेजाऱ्याकडे हात लावायला जावे. गिरणीवर फळे देऊन तेल घेताना गावाची ओळख होते आणि पाणीपाळीचा वाद पुढे कधी उद्भवलाच तर हीच ओळख कामी येते.

भारताकडची बाजूही विसरायची नाही. अनिवासी झाल्यावर बचत खाती एनआरओ या अनिवासी खात्यांमध्ये बदलून घ्यावी लागतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घ्यावे लागते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवण्याची वाट आहे, त्यांनाही हाच नियम लागू होतो. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय धारकाला महाराष्ट्रात नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची जमीन ठेवता येते आणि वारसाने आलेली स्वीकारता येते. तेव्हा सातबारावरच्या वारसनोंदी आणि भावंडांमधल्या वाटण्या निघण्याआधी पूर्ण करून घ्याव्यात.