चाळण आणि कसोटी

वरच्या वर्गांतील मुलांचे इंग्रजी निबंध तपासतांना एक शब्द मला वारंवार अडवितो. ‘ए क्रायटेरिया’ असें मुलें बेधडक लिहितात, आणि एखादा अधिक हुशार असला तर ‘क्रायटेरियाज’ लिहून अनेकवचनाचेंहि अनेकवचन करितो. मूळ शब्द ‘क्रायटेरिअन’ हा एकवचनी. ‘क्रायटेरिया’ हें त्याचें अनेकवचन. परंतु व्याकरणाची चूक लाल शाईनें दुरुस्त होते. अर्थाची चूक तशी होत नाहीं, व ती मोठीं माणसेंहि करितात.

सतराव्या शतकांत इंग्रजींत आलेला हा शब्द मूळचा ग्रीक. ‘क्रिनेइन’ म्हणजे वेगळें करणें, निवडणें, आणि त्यावरून निवाडा करणें. ‘क्रितेस’ म्हणजे न्यायाधीश. ‘क्रितेरिओन’ म्हणजे निवाड्याचें साधन किंवा स्थान. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत धनवान लोक गरिबांस ज्या न्यायसभांकडे ओढून नेतात, त्यांना मूळ ग्रीकांत हाच शब्द आहे. ‘क्रिटिक’ व ‘क्रायसिस’ हीं त्याचींच भावंडें, आणि लॅटिन भाषेंत चाळणीला जें ‘क्रिब्रुम’ म्हणतात तेंहि त्याच कुळांतलें. आपला ‘विवेक’ शब्द निराळ्या धातूचा खरा, पण ‘विच्’ म्हणजे वेगळें करणें, पाखडणें, चित्र तेंच.

मराठींत आपण ‘कसोटी’ किंवा ‘निकष’ म्हणतों. येथें चाळणीऐवजीं सराफाचा काळा दगड आहे. त्यावर सोनें घासावयाचें व उमटलेली रेघ ठाऊक असलेल्या कसाच्या रेघेशीं ताडून पाहावयाची. सोनें कोणाचें, हें दगडाला ठाऊक नसतें. चाळणीचीं भोकेंहि धान्य येण्यापूर्वींच पाडलेलीं असतात. म्हणून जें जें निर्णय घडवून आणतें तें सर्व क्रायटेरिअन नव्हे. नाणें उडवून प्रथम कोणीं खेळावें हें ठरतें. पण नाण्याला कोणी कसोटी म्हणत नाहीं. वशिल्यानेंहि पुष्कळ गोष्टी ठरतात.

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका निबंधस्पर्धेचा परीक्षक होतों. सर्व निबंध वाचून झाल्यावर मीं कागदावर रकाने आंखले, आणि शुद्धलेखन व हस्ताक्षर यांस निम्मे गुण ठेविले. माझ्या आवडत्या विद्यार्थ्याचें अक्षर मोत्यासारखें होतें. दुसऱ्या एका मुलानें आपल्या गांवच्या आटलेल्या विहिरीवर लिहिलें होतें; अक्षर ओबडधोबड, परंतु विचार त्याचा स्वतःचा. बेरीज अचूक आली व बक्षीस मोत्यासारख्या अक्षराला गेलें. तो मुलगा नंतर येऊन म्हणाला, “सर, अक्षराला इतके गुण आहेत हें आधीं कां सांगितलें नाहीं?” मला उत्तर देतां आलें नाहीं. धान्य पाहून मग मीं चाळण विणली होती.

सेक्स्टस एम्पिरिकस या ग्रीक संशयवाद्यानें विचारलें होतें कीं, कसोटी खरी हें तरी कोणत्या कसोटीवर ठरवावें? तत्त्वज्ञांना हा प्रश्न आजहि सुटलेला नाहीं. शाळेपुरतें माझें मत असें कीं, कसोटी चुकीची असली तरी चालेल, परंतु ती आधीं जाहीर झालेली असावी. म्हणजे निदान तिच्याशीं भांडतां येतें.

हल्लीं निबंधाचा विषय सांगण्यापूर्वीं मी गुणांची वांटणी फळ्यावर लिहितों. यंदा आठवीच्या मुलांनीं हस्ताक्षराचे गुण पुसून टाकण्याची मागणी केली. अर्धा तास वाद झाला. हस्ताक्षर राहिलें, पण वीसांपैकीं दोनच गुणांचें.