कौल मागितला, पेलवला नाही

कोकणात ग्रामदेवतेला कौल लावण्याची प्रथा आहे. उजवा मिळो वा डावा, मिळेल तो शिरोधार्य मानण्याची मनाची तयारी करूनच गावकरी देवळाची पायरी चढतो. ब्रिटनच्या राज्यकर्त्यांनी २०१६ साली आपल्या जनतेकडे असाच एक कौल मागितला. डावा कौल मिळू शकतो, याचा विचार मात्र त्यांनी केलाच नव्हता. पुढची साडेतीन वर्षे त्या देशाने जे पाहिले, त्याचे मूळ या एका बेफिकिरीत आहे.

युरोपीय महासंघात राहावे की न राहावे, हा प्रश्न कोणत्याही राष्ट्राच्या दृष्टीने जीवनमरणाचा. परंतु तो जनतेपुढे आला तो राष्ट्रहिताच्या चिंतेतून नव्हे, तर हुजूर पक्षाच्या घरगुती भांडणातून. पक्षातील महासंघविरोधी खासदारांची कुरकुर आणि नायजेल फराज यांच्या यूकिप पक्षाचा वाढता धाक यांवर उतारा म्हणून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचे आश्वासन दिले. २०१५ मध्ये पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले आणि ते आश्वासन गळ्याशी आले. तुम्ही जो निर्णय द्याल त्याची अंमलबजावणी सरकार करील, असे छापील पत्रक घरोघरी पाठवण्यात आले. २३ जून २०१६ रोजी ७२ टक्के मतदारांनी मतदान केले. १ कोटी ७४ लाख मते बाहेर पडण्याच्या बाजूने, १ कोटी ६१ लाख राहण्याच्या बाजूने पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरून यांनी राजीनाम्याची घोषणा केली. निकाल विरुद्ध गेल्यास काय करायचे, याची तयारी करण्याचे आदेशसुद्धा त्यांच्या सरकारने प्रशासनाला दिले नव्हते. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने या प्रकाराला घोर निष्काळजीपणा म्हटले, ते योग्यच होते.

जिंकलेल्यांची तऱ्हा तरी कुठे वेगळी होती? बाहेर पडण्याच्या चळवळीचे अग्रणी बोरिस जॉन्सन यांनी आपली भूमिका जाहीर करण्यापूर्वी दोन लेख लिहून ठेवले होते, एक बाहेर पडण्याच्या बाजूने आणि दुसरा राहण्याच्या बाजूने! राष्ट्राच्या सार्वभौमत्वाविषयीची निष्ठा दोन मसुद्यांतून निवडायची असते, हे आम्हांस तरी नवीन आहे. महासंघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, असे लाल बसगाडीवर रंगवून ते देशभर फिरले. हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने प्रचारकाळातच सांगितले होते. निकालानंतर आठवडाभरात त्यांचे सहकारी मायकेल गोव्ह यांनी त्यांची साथ सोडली, आणि ४ जुलैला फराज यांनी पक्षाध्यक्षपदाचा राजीनामा देऊन आपले काम संपल्याचे जाहीर केले. लग्न लावून देणारे मांडवातून निघून गेले आणि संसार थेरेसा मे यांच्या पदरात पडला.

मे यांनी २९ मार्च २०१७ रोजी महासंघाला अधिकृत नोटीस दिली. दोन वर्षांची मुदत सुरू झाली, आणि त्या मौल्यवान काळातच त्यांनी अकाली निवडणूक घेऊन हाती असलेले बहुमत गमावले. मग उत्तर आयर्लंडमधील डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांच्या टेकूवर सरकार उभे राहिले. महासंघाशी झालेला करार संसदेत आला तो १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. एवढा मोठा पराभव ब्रिटिश संसदेच्या आधुनिक इतिहासात कोणत्याही सरकारच्या वाट्याला आला नव्हता. मार्चमध्ये तोच करार आणखी दोनदा पडला. बरे, करार नको तर काय हवे? २७ मार्चला खासदारांपुढे आठ पर्याय ठेवले गेले, आठही नामंजूर. १ एप्रिलला चार ठेवले, चारही नामंजूर. संसदीय लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या त्या सभागृहाला आपल्याला काय नको एवढेच सांगता येत होते.

सामान्य ब्रिटिश माणसाचा संताप या दिवसांत शिगेला पोहोचला, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तो दोन्ही बाजूंचा होता. महासंघात राहू इच्छिणाऱ्या साठ लाखांहून अधिक नागरिकांनी नोटीस मागे घेण्याच्या अर्जावर सह्या केल्या. बाहेर पडू इच्छिणारे सुंडरलँडहून पायी निघाले आणि ज्या दिवशी देश मुक्त व्हायचा होता त्या २९ मार्चला संसदेसमोर पोहोचले. त्याच दिवशी आत करार तिसऱ्यांदा पडला होता. पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून जनतेला सांगितले, की मी तुमच्या बाजूची आहे, दोष खासदारांचा आहे. ज्यांच्या मतांची याचना करायची त्यांनाच चव्हाट्यावर उभे करण्याचे हे राजकारण आत्मघातकीच ठरले.

विरोधी मजूर पक्षाची कथा याहून केविलवाणी. या पक्षाचे लंडनमधील सुशिक्षित मतदार राहण्याच्या बाजूचे, तर उत्तर इंग्लंडमधील खाणकामगारांची जुनी गावे बाहेर पडण्याच्या बाजूची. नेते जेरेमी कॉर्बिन हे तर १९७५ च्या सार्वमतात महासंघाच्या पूर्वसंस्थेविरुद्ध मत दिलेले गृहस्थ. त्यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केले, की पुन्हा सार्वमत झाल्यास आपण तटस्थ राहू. पंतप्रधान होऊ इच्छिणारा नेता देशापुढील सर्वांत मोठ्या प्रश्नावर तटस्थ! त्या डिसेंबरात मजूर पक्षाला १९३५ नंतरच्या सर्वांत कमी जागा मिळाल्या. टोनी ब्लेअर यांचा सेजफिल्ड गेला, डेनिस स्किनर यांनी १९७० पासून राखलेला बोल्सोव्हरही गेला.

या साऱ्या गुंत्याची गाठ कोठे होती, हे भारतीय वाचकाने विशेष पाहावे. ती होती आयर्लंडच्या सीमेवर. १९२१ मध्ये ब्रिटिशांनी त्या बेटाची फाळणी केली. पुढे उत्तर आयर्लंडमध्ये तीन दशके रक्त सांडले, सुमारे साडेतीन हजार माणसे गेली, आणि १९९८ च्या करारानंतर ती पाचशे किलोमीटरची सीमा जवळजवळ अदृश्य झाली. ब्रिटन बाहेर पडले तर तेथे पुन्हा चौक्या उभ्या करायच्या काय, या प्रश्नावर मे यांचे सरकार बुडाले. ज्या देशाने रॅडक्लिफ यांना धाडून अवघ्या पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगाल चिरले, त्याला आपणच शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या रेषेपुढे तीन वर्षे हतबल बसावे लागले. यात आनंद मानण्याचे कारण नाही, पण इतिहासाची आठवण ठेवण्याचे निश्चित आहे.

जनतेने या नेत्यांना शासनही केले. मे २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत काही महिन्यांपूर्वी जन्मलेला ब्रेक्झिट पक्ष पहिला आला, तर सत्तारूढ हुजूर पक्ष नऊ टक्के मतांसह पाचव्या क्रमांकावर फेकला गेला. याहून चिंताजनक होती ती हॅन्सार्ड सोसायटीची त्या वर्षीची पाहणी. नियम मोडायला तयार असणारा खंबीर नेता हवा, असे ५४ टक्के लोकांनी सांगितले. तसा नेता मिळालाही. जॉन्सन यांनी संसद स्थगित केली, आणि २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स यांच्यासह एकवीस खासदारांना त्यांनी पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर काढले. डिसेंबरात जनतेने त्यांनाच ८० जागांचे बहुमत दिले. जनतेची मती भ्रष्ट झाली म्हणून नव्हे, तर हा प्रश्न एकदाचा निकाली काढण्याची भाषा दुसरे कोणी बोलतच नव्हते म्हणून.

आपल्याकडील काही बुद्धिवाद्यांनी त्या वेळी ब्रिटिश मतदाराला अडाणी, भडकवला गेलेला ठरवले. आम्हांस हे मान्य नाही. आपल्या देशाचे कायदे आपल्या संसदेने करावेत, ही इच्छा अडाणीपणाची नसून राष्ट्रभावाची आहे. ४८ टक्क्यांची भीतीही खोटी नव्हती. स्कॉटलंडने तर ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने दिली होती. या दोन्ही भावनांना एका सूत्रात गुंफण्याचे काम नेत्यांचे होते, आणि नेते मतांची बेरीज करण्यात गुंतले होते.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. सीमांवरील ताबा परत मिळवू, हे त्या चळवळीचे मुख्य अभिवचन. जॉन्सन यांच्याच सरकारने केलेल्या नव्या व्हिसा नियमांनंतर जून २०२३ अखेरच्या वर्षात निव्वळ स्थलांतराने नऊ लाखांचा आकडा ओलांडला. जुलै २०२४ च्या निवडणुकीत दर पाचांतले दोन मतदार मतदानाला गेलेच नाहीत. हुजूर पक्षाची चौदा वर्षांची सत्ता गेली, मजूर पक्षाला अवघ्या ३४ टक्के मतांत प्रचंड बहुमत मिळाले. आणि काम संपले म्हणून २०१६ मध्ये बाजूला झालेले नायजेल फराज क्लॅक्टनमधून, आपल्या आठव्या प्रयत्नात, प्रथमच संसदेत पोहोचले.